‘विक्रीमूल्य’ नव्हे, मोबदला

प्रश्न असा: उत्तर अमेरिकेच्या एनएचएल या आइस हॉकी लीगमध्ये करार संपत आलेल्या ज्येष्ठ हॉकीपटूच्या ‘ट्रेड व्हॅल्यू’ला, म्हणजे तो दुसऱ्या संघाला दिल्यास बदल्यात जे मिळेल त्याला, मराठीत ‘विक्रीमूल्य’ म्हणावे का? आणि उरलेल्या करारापुरत्या घेतलेल्या अशा ‘रेंटल’ खेळाडूला ‘भाडोत्री’?

‘विक्रीमूल्य’ अजिबात नको. आयपीएलच्या लिलावाने ‘अमुक इतक्याला विकला गेला’ म्हणायची खोड लावली आणि ती आता दिसेल त्या खेळाला चिकटते. १९८८ साली वेन ग्रेट्झ्कीला एडमंटनने लॉस एंजेलिसला दिले, तेव्हा इतर गोष्टींबरोबर दीड कोटी डॉलर रोख घेतले. त्याला विक्री म्हणा, माझी हरकत नाही. आजच्या सौद्यांत मात्र खेळाडूच्या बदल्यात खेळाडू नाहीतर ड्राफ्टमधले, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीतले, हक्क मिळतात; जितकी आधीची फेरी, तितका हक्क मोलाचा.

त्यासाठी आपल्याकडे अस्सल शब्द आहे: मोबदला. सरकारने जमीन घेतली की मिळतो तो, एवढ्यावरच आपण त्याला बसवून ठेवला आहे. मूळ अरबी ‘मुबादला’, म्हणजे अदलाबदल. धातू ब-द-ल. आपले बदल, बदली, बदला आणि हिंदीतला तबादला याच घरातले. पण खरी गंमत साच्यात आहे. अरबीतला हा ‘मुफाअला’ साचा बहुधा दोन पक्षांमधली परस्पर क्रिया दाखवतो. मुकाबला, मुशायरा, मामला आणि मुलाखत (मूळ मुलाकात) हे सगळे त्याच साच्यातून निघालेले. एकट्याने मुकाबला होत नाही, तसा मोबदलाही नाही. ‘मोल + बदला = मोबदला’ असे ठासून सांगणाऱ्यांनी आधी मोलातला ‘ल’ कुठे गेला ते सांगावे. शुद्धीवाद्यांचा ‘विनिमयमूल्य’ व्याकरणाने निर्दोष आहे, पण ऐकताच बँकेतला डॉलरचा दर आठवतो.

आता शिकागोच्या पॅट्रिक केनचा मोबदला पाहा. फेब्रुवारी २०२३, वय ३४, करार उन्हाळ्यात संपणारा, पगारमर्यादेवरचा (लीगने संघाच्या एकूण पगाराला घातलेल्या मर्यादेवरचा) भार १.०५ कोटी डॉलर. त्याच्या करारात ‘नो-मूव्हमेंट’ कलम होते, म्हणजे त्याच्या संमतीशिवाय त्याला कुठे पाठवता येत नव्हते, आणि त्याला जायचे होते फक्त न्यूयॉर्क रेंजर्सकडे. गिऱ्हाईक एकच म्हटल्यावर चढाओढ संपली. शिकागोने निम्म्या पगाराचा भार स्वतःवर ठेवला, ॲरिझोना या तिसऱ्या संघाने मध्ये पडून आणखी २५ टक्के उचलला; रेंजर्सच्या खात्यावर उरले २६.२५ लाख डॉलर. एवढे करून शिकागोला काय मिळाले? दुसऱ्या फेरीचा एक सशर्त हक्क, चौथ्या फेरीचा एक, आणि वर बचावपटू. नुसता भार वाहण्यापोटी ॲरिझोनाला तिसऱ्या फेरीचा. (अरबी साच्यात या तिसऱ्या पक्षाची सोय नाही.) रेंजर्स कॉन्फरन्स फायनलला (म्हणजे उपांत्य फेरीला) पोचले असते तर तो दुसऱ्या फेरीचा हक्क पहिल्या फेरीचा झाला असता. ते प्लेऑफच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद सामन्यांच्या, पहिल्याच फेरीत न्यू जर्सीकडून हरले.

अशीच अट मार्च २०२५मध्ये बॉस्टनच्या ब्रॅड मार्शंडच्या वेळी होती. वय ३६, सौद्याच्या वेळी दुखापतग्रस्त, म्हणून बॉस्टनला फ्लोरिडाकडून दुसऱ्या फेरीचाच हक्क. फ्लोरिडाने प्लेऑफच्या दोन फेऱ्या जिंकल्या आणि त्यांतल्या निम्म्या सामन्यांत तो खेळला, तर पहिल्या फेरीचा. फ्लोरिडाने थेट लीगचे विजेतेपद, स्टॅन्ली कपच जिंकला. म्हणजे मोबदला सौद्याच्या दिवशी ठरतच नाही, प्लेऑफपर्यंत लोंबकळतो. ‘मूल्य’ या शब्दात हे लोंबकळणे कुठे आहे?

हां, ‘भाडोत्री’. गुंड आणि सैनिक भाडोत्री असतात, शिवी कशाला? ‘उसना’ही नको. उसने परत करायचे असते, फुटबॉलमध्ये तसे होते. इथे ३० जूनला करार संपतो आणि १ जुलैला गडी मोकळा. ‘मुदतीपुरता खेळाडू’ म्हणा.