पंपाचं बिल येत नाही, त्यावर पीएचडी होते का?

प्रश्न : मॅडम, मी निपाणी भागातली, वय 24. दहावीपर्यंत मराठी मिडियम, नंतर राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटीतून एमए इकॉनॉमिक्स. मला पर्यावरण आणि एनर्जी इकॉनॉमिक्समध्ये रिसर्च करायचाय. घरचे म्हणतात पीएचडी करून शेवटी मास्तरीणच होणार, त्यापेक्षा बँकेची परीक्षा दे. हा विषय झाडं लावा टाइप आहे की खरंच इकॉनॉमिक्स आहे? इंग्लिश कच्चं, मॅथ्स दहावीनंतर सुटलं.

उत्तर : झाडं लावा टाइप अजिबात नाही गं. तुमच्याकडं ऊस असणार (निपाणी म्हणजे तंबाखू पण, पण आता बघावं तिकडं ऊसच), तर आपल्या मोटारीपासूनच बघ. कर्नाटकात 10 एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज फुकट, म्हणजे मोटार अजून चार तास चालली तरी खिशातून काहीच जात नाही, मग रात्री थ्री फेज येते म्हणून ऑटो स्टार्टर लावून माणूस झोपतो आणि सकाळी पाणी ओढ्याला लागलेलं असतं. विजेचे पैसे सरकार हेस्कॉमला (तुमच्याकडची वीज कंपनी) देतं, आणि तुमच्या बोअरनं ओढलेल्या पाण्यापायी शेजाऱ्याला अजून खाली जावं लागतं, त्याचा खर्च कुणाच्याच वहीत नसतो. तो वहीत आणायचा, एवढंच या विषयाचं काम.

पिगू नावाच्या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञानं 1920 मध्येच लिहून ठेवलंय की दुसऱ्याचं नुकसान करणाऱ्याला त्या नुकसानाएवढा कर लावा. मग 1960 ला कोस नावाचा दुसरा अर्थशास्त्रज्ञ म्हणाला, हक्क कुणाचा ते ठरलेलं असेल आणि मिटवायला खर्च येत नसेल तर लोक आपसात मिटवतील. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं, आमच्याकडं एका बांधाचं भांडण तिसऱ्या पिढीत कोर्टात आहे! पण मिटवायला खर्च येतो म्हणूनच तर गाडी अडते, हेच तो दाखवत होता, मला ते फार उशिरा कळलं. आणि हे नुसतं पुस्तकी नाही, 2019 पासून सुरतेत कारखान्यांच्या धुरातल्या कणांच्या परमिटची (म्हणजे किती कण सोडायचे त्याच्या परवान्याची) खरेदी-विक्री चालते, अभ्यासात प्रदूषण 20 ते 30 टक्के कमी झालेलं दिसलं.

इंग्लिशची काळजी सोड, पेपर वाचून वाचून ते येतं. काळजी कर मॅथ्सची. कॅल्क्युलस, मॅट्रिक्स, स्टॅटिस्टिक्स आणि मग इकॉनोमेट्रिक्स (आकड्यांवरून कशामुळं काय झालं ते तपासायचं शास्त्र), यात सवलत नाही, रोज दोन तास बस. सोबत आर (R) नावाचं आकडेमोडीचं सॉफ्टवेअर शिक, फुकट मिळतं.

जागा म्हणशील तर गोरेगावचं इंदिरा गांधी इन्स्टिट्यूट (रिझर्व्ह बँकेनं 1987 ला काढलेलं), बेंगळुरूचं आयसेक, पुण्याचं गोखले, चेन्नईचं मद्रास स्कूल. पण नावापेक्षा गाइड बघ, तुझ्या विषयावर तो स्वतः काम करतोय का ते. नेट परीक्षेतून जेआरएफ (रिसर्चची सरकारी फेलोशिप) निघाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला 37 हजार, पुढं 42 हजार, हा आकडा घरी सांग, निम्मा वाद तिथंच मिटेल. उरलेला निम्मा मात्र खरा आहे. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात आणि परमनंट पोस्ट लगेच मिळेल असं मी म्हणणार नाही, मी स्वतः चार वर्षं एका कॉलेजात गेस्ट लेक्चरर होते, सुट्टीत पगार बंद. बँकेचा फॉर्म भर की, पण अभ्यास पहिला जेआरएफचा.

आणि एक गोष्ट तुला कुणी सांगणार नाही. तुला मराठी येतं आणि कन्नडही येत असणार, सर्व्हेला हे फार मोठं भांडवल आहे. खानापुरात मराठीत बोलायचं, रायबाग-गोकाककडं कन्नडमध्ये, दुभाषी घेतला की माणूस अंगणातलंच उत्तर देतो, स्वयंपाकघरातलं देत नाही. मी फिरत होते तेव्हा विचारलेला जवळजवळ प्रत्येकजण मोटार साडेसात नाहीतर दहा एचपीची सांगायचा, म्हणजे फुकटच्या मर्यादेतली, आणि विहिरीवर गेलं की साडेबारा! बऱ्याच पंपांना मीटर नाही, वापर अंदाजानं धरतात, आणि तोच अंदाज पुढं सरकारी आकडा होऊन पेपरात बसतो. हा घोळ कुणीतरी नीट मोजायला पाहिजे.

तर आधी घरातनंच सुरू कर. वडिलांना मोटारीचा एचपी विचार, मग स्वतः जाऊन मोटारीवरची पट्टी वाच. दोन्ही आकडे मला कळव, वडिलांचं नाव छापणार नाही.