किल्ली अडते, पण दोष कुणाचा?

प्रश्न : मुख्य दाराचं कुलूप फार घट्ट झालंय. किल्ली अर्ध्यावर अडते. शिलाई मशीनचं तेल घातलं. आठवडाभर बरं चाललं, मग पुन्हा तेच. आता तर किल्लीच किंचित वाकलीय. नवं कुलूप घ्यावं का?

उत्तर : थांबा, इतक्यात नको. आधी ती वाकलेली किल्ली बाजूला ठेवा. आत तुटली तर वेगळंच लचांड. कुलपासोबत आलेली मूळ किल्ली शोधा. डुप्लिकेटवरून काढलेल्या डुप्लिकेटचे दाते हळूहळू चुकत जातात.

आता दार उघडं ठेवून किल्ली फिरवा. लोण्यासारखी फिरली, तर कुलूप निर्दोष आहे, दारच खाली बसलंय किंवा दमट हवेने फुगलंय. आमच्याकडे हेच होतं. घरची सगळी जण नकळत हँडल वर उचलून किल्ली फिरवायची, त्यामुळे वर्षभर कुणाच्या लक्षातच आलं नाही. पाहुणा मात्र बाहेर घाम पुसत उभा! कुलपाच्या जिभेला खडू फासा, दार लावून जीभ बाहेर काढायचा प्रयत्न करा आणि चौकटीतल्या पट्टीवर खडू कुठे उमटतो ते बघा. भोकाच्या खालच्या कडेला उमटला, तर वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळा. स्क्रू नुसतेच फिरत असतील तर भोकात गोंद लावलेल्या काड्यापेटीच्या काड्या ठोका, वाळू द्या, मग स्क्रू बसवा. एवढ्याने भागलं नाही तरच कानस घ्या. पट्टी घासायची, जीभ नव्हे.

उघड्या दारातही किल्ली अडली तर दोष आतला. तुमच्या बाबतीत माझा संशय तेलावर आहे. आत केसासारख्या स्प्रिंगांवर बसलेल्या बारीक पिना असतात. तेलावर धूळ चिकटून त्यांच्याभोवती काळा चिखल होतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा (विजेचे जोड साफ करायच्या, झटकन वाळणाऱ्या स्प्रेचा) फवारा मारा, किल्ली आतबाहेर करा, दर वेळी पुसा. ती कोरडी, स्वच्छ बाहेर आली की चिमूटभर ग्राफाइट पावडर. नसेल तर 6बी पेन्सिल किल्लीच्या दात्यांवर घासा. पण तेल आणि ग्राफाइट एकत्र नकोच, त्याचा लगदा होतो.

दाराच्या कडेला, सिलिंडरच्या (कुलपाच्या ज्या भागात किल्ली जाते त्याच्या) रेषेत एक लांब स्क्रू असतो. तो जास्त आवळला गेला असेल तरी किल्ली जड होते. पाव फेरा सैल करून बघा.

तरीही हटत नसेल तर फक्त सिलिंडर बदला, अख्खं कुलूप नव्हे. त्याच स्क्रूपासून दोन्ही टोकांपर्यंतचं माप मिलिमीटरमध्ये घेऊन जा. 30-30 आणि 30-40 दुकानात सारखेच दिसतात.