संमतिपत्रावर सही केली, म्हणून दाद मागायची नाही?

प्रश्न थोडक्यात असा: सांगलीच्या एका वाचक भगिनीने पुण्यातल्या क्लिनिकमध्ये हनुवटीवरच्या केसांसाठी इलेक्ट्रोलिसिसचं 45 हजारांचं पॅकेज घेतलं, तेही हप्त्यांवर. जाहिरात होती, ‘8 सिटिंगमध्ये कायमची सुटका, गॅरंटीसह’. केस पुन्हा आले, शिवाय काळे डाग पडले. त्यांना पीसीओएस (अंडाशयांशी निगडित हार्मोन्सचा विकार) आहे. क्लिनिक संमतिपत्रावरची सही आणि पावतीवरचं ‘पैसे परत मिळणार नाहीत’ हे वाक्य दाखवतं. शेवटचं सिटिंग होऊन 14 महिने झाले.

उत्तर: ‘केस परत आले’ एवढ्यावरच तक्रार उभी करू नका. इलेक्ट्रोलिसिसमध्ये एकेका केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून वीज सोडतात. सगळे केस एकाच वेळी वाढीच्या अवस्थेत नसतात, म्हणून सिटिंग्ज कित्येक महिने चालतात. पीसीओएसमध्ये तर हार्मोन्समुळे नवे केस जाड होत राहतात. समोरचा वकील हेच सांगेल, आणि ते खरंही आहे.

पण मग 8 सिटिंगची गॅरंटी कशाच्या जोरावर दिली? तुमचं प्रकरण इथे आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार दिशाभूल करणारी जाहिरात आणि पोकळ हमी ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, पावत्या आजच जपून ठेवा. तक्रारीआधीची लेखी नोटीस क्लिनिकला पोचताच अशा जाहिराती गायब होतात.

सहीची धास्ती नको. संमती म्हणजे निष्काळजीपणाचा परवाना नव्हे. समीरा कोहली खटल्यात (2008) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, उपचाराचं स्वरूप, धोके आणि पर्याय पुरेसे समजावून घेतलेली संमतीच खरी. तुम्हाला पीसीओएसबद्दल विचारलं होतं का? डाग पडू शकतात हे फॉर्मवर होतं का? फॉर्मची प्रत आणि सुई चालवणाऱ्या व्यक्तीची पात्रता, दोन्ही नोटिशीत मागा. पावतीवरच्या वाक्याचंही तसंच. सेवा सदोष ठरली तर छापील ओळीच्या आडून पैसे अडवता येत नाहीत.

डागांची भरपाई मात्र नुसत्या फोटोंवर मिळणं कठीण. शासकीय रुग्णालयातल्या त्वचारोगतज्ज्ञांचं लेखी मत घ्या.

नोटिशीला 15 दिवसांत उत्तर आलं नाही, तर सांगलीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. तक्रारदार राहतो तिथे दाद मागता येते, पुण्याच्या खेपा नकोत. ऑनलाइनही दाखल करता येते, सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत 2 वर्षांची आहे. ती शेवटच्या सिटिंगपासून धरली तर तुमच्याकडे 10 महिने उरलेत, पण डाग आधीच दिसले असतील तर क्लिनिक आधीची तारीख धरायला लावेल. तेव्हा रेंगाळू नका.

हप्ते परस्पर थांबवू नका, सिबिल (कर्जफेडीचा गुणांक) बिघडेल. फायनान्स कंपनीला वादाची लेखी कल्पना द्या, तक्रारीत तिलाही सामनेवाला (विरुद्ध पक्ष) करा आणि वसुलीला स्थगिती मिळावी म्हणून अंतरिम अर्ज त्याच दिवशी जोडा.