झेवियर क्योतोला पोचले, तेव्हा राज्य कुणाचं होतं?

प्रश्न : सेंट फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्याहून जपानला गेले. तेव्हा तिथे सम्राटही होता नि शोगुनही. मग राज्य कुणाचं? शोगुन म्हणजे आपले पेशवेच का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : तुलना निम्मी जुळते. पेशव्यांना वस्त्रं साताऱ्याहून मिळत, तशी शोगुनची, म्हणजे लष्करी सत्ताप्रमुखाची, नेमणूक क्योतोच्या सम्राटाकडून होई. पण पेशवे दरबारातल्या पदावरून सत्तेकडे गेले. पहिल्या शोगुनशाहीचा संस्थापक मिनामोतो योरितोमो याने आधी देश जिंकला, मग पद घेतलं. ११८५ मध्ये दान-नो-उराच्या सागरी लढाईत त्याचं प्रतिस्पर्धी ताइरा घराणं संपलं. त्याच वर्षी त्याने जमिनींवर आपले कारभारी, म्हणजे जितो, नेमायचा अधिकार मिळवला. शोगुनपद ११९२ चं. आमच्या मते खरी सत्ता त्या जितोंमध्ये होती.

व्यवहार उघड होता: योद्ध्याने लढावं, शोगुनने जमीन द्यावी. १२७४ आणि १२८१ मध्ये मंगोल आरमार परतवलं, पण त्यातून वीतभर जमीन मिळाली नाही. मग बक्षीस द्यायचं कशातून? वारसांच्या वाटण्यांनी वतनं आधीच लहान झालेली. १२९७ मध्ये सरकारने योद्ध्यांच्या गहाण आणि विकलेल्या जमिनी फुकट परत करायला लावल्या, तर सावकारांनी त्यांना कर्ज देणंच थांबवलं. १३३३ मध्ये या शोगुनशाहीची राजधानी कामाकुरा पडली.

१३३८ पासूनच्या आशिकागा घराण्यातल्या शोगुनांची स्वतःची जमीन तुटपुंजी, प्रांताधिकारी बलाढ्य. ओनिन युद्धात, १४६७ ते १४७७, क्योतो जळलं. १५५१ च्या आरंभी झेवियर तिथे पोचले ते याच पडझडीत. सम्राटाची भेट झाली नाही, शोगुन शहराबाहेर. अकरा दिवसांत ते निघाले आणि यामागुचीचा सरदार ओउची योशिताका याच्याकडे गेले. प्रांत ज्याच्या ताब्यात, त्याचं राज्य.

प्रश्न : मग पुढचे तोकुगावा घराण्याचे शोगुन अडीचशे वर्षं कसे टिकले? – एक वाचक, डिचोली

उत्तर : १६०० ची सेकिगाहाराची लढाई जिंकून तोकुगावा इएयासू १६०३ मध्ये शोगुन झाला. देशाच्या भातउत्पन्नाचा सुमारे चौथा हिस्सा त्याच्या घराण्याकडे आणि थेट चाकरांकडे राहिला. आपल्याकडे भात खंडीने मोजत, तसं तिथे कोकुने: एक कोकु सुमारे १८० लिटर, एका माणसाचा वर्षाचा तांदूळ. दहा हजार कोकुंचा धनी तो दाइम्यो. १६३५ पासून दाइम्योंना आळीपाळीने शोगुनच्या एदोत (आजचं टोकियो) राहणं सक्तीचं झालं; बायकामुलं तिथे कायम ओलीस. प्रवास आणि दोन घरांच्या खर्चात बंडासाठी पैसा उरत नसे.

खोट इथेच होती. सामुराईंचं, म्हणजे योद्ध्यांचं, वेतन तांदळात, खर्च नाण्यांत. तांदूळ स्वस्त झाला की ते ओसाकाच्या व्यापाऱ्यांच्या कर्जात रुतत. १८५३ मध्ये अमेरिकन नौदल अधिकारी पेरीची चार जहाजं आली, तेव्हा शोगुनशाहीने दाइम्योंचाच सल्ला मागितला, आणि त्यांना बोलायचा हक्क मिळाला. १८५९ मध्ये बंदरं उघडली. जपानात सोनं चांदीच्या सुमारे पाचपट किमतीचं, बाहेर पंधरापट. परदेशी व्यापारी चांदी देऊन सोनं उपसू लागले आणि महागाई भडकली. १८६६ मध्ये विरोधात गेलेल्या चोशू प्रांतावर शोगुनशाहीने पाठवलेली फौज हरली. पुढच्याच वर्षी शेवटचा शोगुन योशिनोबू याने सत्ता सम्राटाला परत केली.