किऊच्या वाचनकक्षात भेटलेली मैत्रीण

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: नोकरीसाठी लंडनला आल्यावर आजोबांच्या दुसऱ्या महायुद्धातील कामगिरीचा माग काढता येईल का, आणि या परक्या शहरात जिवाभावाचे कोणी भेटते का. मला दोन्हींचे उत्तर एकाच ठिकाणी मिळाले, म्हणून ते एकत्रच सांगते.

माझे आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतून इटलीत लढले. त्यांचे डिस्चार्ज बुक आणि इटली स्टार हे पदक एवढेच घरात उरले होते. पलटणींच्या वॉर डायऱ्या, म्हणजे युद्धकाळातील त्यांच्या रोजच्या हालचालींच्या नोंदवह्या, लंडनमधल्या किऊ येथील ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पाहता येतात. वाचकपत्राला पैसे पडत नाहीत. मात्र नावाबरोबर पत्त्याचाही पुरावा लागतो आणि नवख्या माणसाजवळ नेमका तोच नसतो, तेव्हा बँकेचे पहिले स्टेटमेंट जपून ठेवा. आत पेन चालत नाही, पेन्सिलच न्यावी लागते.

मला हवी असलेली १९४४ ची डायरी त्या दिवशी आधीच सत्तरी ओलांडलेल्या एका इंग्रज बाईंकडे गेलेली होती. त्यांचे वडील याच पलटणीत अधिकारी होते. डायरीतले लष्करी संक्षेप मला उमगेनात, ते त्यांनी शांतपणे उलगडून सांगितले. अधिकाऱ्यांची नावे पानोपानी होती. जवानांचे बहुतेक ठिकाणी नुसते आकडे, इतके ठार, इतके जखमी. ज्या पलटणीच्या नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने चाल करून प्राण दिला आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, त्याच पलटणीतल्या इतरांची नावेही कागदावर नसावीत, याचे मला फार वाईट वाटले.

उपाहारगृहात बाईंनी पिशवीतून वडिलांचा एक फोटो काढला. त्याच्या मागे शिसपेन्सिलीने, देवनागरीत, तेरा नावे गावांसह लिहिलेली होती. त्यांच्या घरात ती आजवर कोणालाच वाचता आली नव्हती. मी वाचत गेले आणि त्या प्रत्येक नाव पुन्हा उच्चारून घेत राहिल्या. ‘ळ’ जिभेवर बसेपर्यंत त्यांनी मला पुढे जाऊ दिले नाही. माझ्या आजोबांचे नाव त्यात नव्हते. मी दोनदा पाहिले.

त्याला आता सहा वर्षे झाली. इथली माणसे अदबीने वागतात, पण उंबऱ्याच्या आत सहसा घेत नाहीत, असा माझा अनुभव होता. या बाईंनी घेतले, कारण त्यांना माझी गरज होती आणि मला त्यांची. माझ्या आजारपणात रोज येऊन बसणारी ती एकच व्यक्ती होती.

एक काम मात्र निघण्याआधी करा. जवानांच्या वैयक्तिक सेवानोंदी किऊला मिळण्याची आशा धरू नका. आजोबांचा सैनिक क्रमांक घेऊन त्यांच्या रेजिमेंटच्या केंद्राकडे (मराठा लाइट इन्फन्ट्रीचे असतील तर बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरकडे) आताच अर्ज करा. तेरा नावांपैकी दोघांचा पत्ता आम्हाला लागला आहे, अकरांचा शोध चालू आहे. तुमच्या आजोबांची पलटण कळवा, म्हणजे पुढच्या खेपेला त्यांचीही डायरी मागवून ठेवू.