कान देऊन : 'जस्टिस'मधला बेस गेला कुठे?

मागच्या अंकात मेटालिकाच्या 'अँड जस्टिस फॉर ऑल' या 1988 च्या अल्बमवर सहज चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. ज्यांनी थ्रॅश मेटल कधी ऐकलंच नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की पंकचा वेग आणि हेवी मेटलचं वजन एकत्र आल्यावर ऐंशीच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या विशीतल्या पोरांनी जे वाजवायला घेतलं ते हे, आणि मेटालिका त्यातलं सगळ्यात मोठं नाव. आणि बेस म्हणजे बेस गिटार, खालचे जाड सूर देणारी.

प्रश्न : दादा, मी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या बँडमध्ये बेस वाजवतो. पैसे साठवून चांगले हेडफोन घेतले आणि पहिला 'जस्टिस' लावला, तर बेसच ऐकू येईना. आधी वाटलं हेडफोन खराब आहेत. मित्र म्हणतात की बँडने मुद्दाम बेस गायब केला, नव्या मेंबरला त्रास द्यायला. खरं काय? (एक वाचक, सांगली)

मित्रा, हेडफोन परत करू नकोस, ते ठणठणीत आहेत. माझंही हेच झालं होतं. 1995 मध्ये पुण्यात हॉस्टेलवर मला हा अल्बम कॅसेटवर मिळाला, तीही कॉपीची कॉपी. मला वाटलं टेपचं हेडच घाण झालंय, म्हणून काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटने हेड पुसलं, रबराचा रोलर पुसला, परत लावलं, तरी तेच. पुढे सीडी हातात आली तेव्हा कळलं की अल्बमच तसा आहे.

आता खरं काय ते. 27 सप्टेंबर 1986 ला स्वीडनमध्ये मेटालिकाची टूर बस रस्त्यावरून घसरून उलटली आणि त्यांचा बेसिस्ट क्लिफ बर्टन गेला, अवघा 24 वर्षांचा. महिनाभरात त्यांनी जेसन न्यूस्टेडला घेतलं आणि लगेच टूरवर निघाले. दुःख करायला कोणी थांबलंच नाही, आणि ते सगळं जेसनवर निघालं. त्याला खूप छळलं, हे बँडवाल्यांनी स्वतः पुढे कबूल केलंय. रेकॉर्डिंगलाही तो जवळपास एकटाच, सोबत एक असिस्टंट इंजिनियर, आपला आपण वाजवून मोकळा झाला, टोन असा हवा, इथे हात हलका ठेव असं सांगायला कोणी नाही.

रेकॉर्डिंग झालं लॉस एंजेलिसच्या वन ऑन वन स्टुडिओत, 1988 च्या जानेवारी ते मे. सुरुवातीला प्रोड्यूसर म्हणून माइक क्लिंक होता, गन्स अँड रोझेस या बँडचा पहिला अल्बम करणारा, पण ते जमलं नाही आणि थोड्याच आठवड्यांत डेन्मार्कहून आधीच्या दोन अल्बमवाल्या फ्लेमिंग रासमुसेनला बोलावून घेतलं. मिक्सिंग, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज कमीजास्त करून एकत्र बसवणं, मात्र वेगळ्याच दोघांकडे, स्टीव्ह थॉम्पसन आणि मायकल बार्बिएरो, तेही न्यूयॉर्क राज्यातल्या बेअर्सव्हिलला, आणि त्याच काळात बँड व्हॅन हेलन या दुसऱ्या बँडसोबत स्टेडियमचे शो करत होता. म्हणजे गाणारा-गिटारवाला जेम्स हेटफिल्ड आणि ड्रमर लार्स उलरिक हजारो वॉटसमोर उभं राहून वाजवायचे, मग विमानाने मिक्सिंगला यायचे, परत शोला. कान पार थकलेले. थकलेल्या कानाला आधी वरचे सूर कमी ऐकू येतात, मग माणूस ट्रेबल वाढवत जातो. हेटफिल्डने पुढे स्वतः हे कारण दिलंय आणि मला ते पटतं. पण तेवढंच कारण नाही. थॉम्पसनने मुलाखतींमध्ये सांगितलंय की लार्सने बेस आधी जेमतेम ऐकू येईल इतका खाली आणायला सांगितला आणि तसं केल्यावर म्हणाला, आता अजून पाच-सहा डेसिबल खाली. म्हणजे तुझे मित्र म्हणतात त्यात तथ्य आहे, बेस हातानेच खाली गेला.

पण मी स्वतः बेस वाजवतो म्हणून तिसरी गोष्ट सांगतो, जी लोक विसरतात. या अल्बमची गिटार कशी आहे ऐक. हेटफिल्डने मधले सूर जवळपास कापलेत, खालचे आणि वरचे ठेवलेत, आणि तळहात तारेवर दाबून वाजवतो तेव्हा तो खालचा धक्का थेट बेसच्या जागेत येऊन बसतो. त्यात डाव्या-उजव्या दोन्ही कानांत तीच रिफ, म्हणजे गाण्यात फिरून फिरून येणारी गिटारची ओळ, परत परत वाजवून थर दिलेले. जेसन पिकने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या चकतीने वाजवायचा, आणि जे गिटार वाजवते तेच सुराला सूर लावून. क्लिफ बोटांनी वाजवायचा आणि गिटारच्या पोटातून स्वतःची वेगळी वाट काढायचा, म्हणून तो वेगळा कळायचा. इथे दोन वाद्यं एकाच जागेत एकच गोष्ट बोलतायत, त्यात एकाचा आवाज खाली केला की ते दुसऱ्यात विरघळून जातं. वर लार्सच्या किक ड्रमला, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला, घुमारा नाही, नुसती टकटक. पुण्यात गणपतीत मिरवणुकीत पुढे ताशे कडकडतायत आणि मागचे ढोल अजून चौकात पोचलेच नाहीत, असं काहीसं. ताशा सुंदरच वाजतोय, पण छातीत धम्म व्हायला पाहिजे ते होत नाही.

आणि तरीही मला हा अल्बम आवडतो, खूप आवडतो. तो कोरडेपणा त्या गाण्यांना शोभतो. पण एका बेसिस्टवर अन्याय झाला हेही तितकंच खरं आणि मी ते दोन्ही एकदम मानतो. ज्याने त्या मूळ ट्रॅक ऐकल्यात तो रासमुसेन म्हणतो की जेसनने अप्रतिम वाजवलंय. पहिलंच गाणं 'ब्लॅकन्ड', त्याच्या लेखकांत जेसनचं नाव आहे, मुख्य रिफ त्याची, आणि त्याच गाण्यात तो ऐकू येत नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

तू एक कर. 'ब्लॅकन्ड' लाव आणि त्यावर स्वतः बेस वाजव, अँप नेहमीपेक्षा थोडा मोठा, पिकनेच. गिटारच्या खाली नेमकी किती जागा रिकामी आहे ते तुझ्या हातालाच कळेल.

प्रश्न : या अल्बमला ग्रॅमी मिळालं नाही आणि बासरीवाल्या बँडला मिळालं अशी गोष्ट ऐकली होती. खरी आहे का? त्या वेळी अल्बम लोकांना आवडला होता की नंतर नाव झालं? (एक वाचक, ठाणे)

खरी आहे. 1989 ला ग्रॅमीने, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या संगीत पुरस्कारांनी, पहिल्यांदाच हार्ड रॉक आणि मेटलसाठी एकच एकत्र पुरस्कार ठेवला, मेटालिकाने त्या रात्री स्टेजवर याच अल्बममधलं 'वन' वाजवलं, सगळ्यांनी धरलं होतं की यांनाच मिळणार, आणि पाकीट उघडलं तर जेथ्रो टल, तोच बासरीवाला बँड! त्यांच्या कंपनीनेच त्यांना सांगितलं होतं की तुम्ही काही जिंकत नाही, त्यामुळे ते समारंभाला आलेच नव्हते. पुरस्कार जाहीर करायला ॲलिस कूपर आणि लिटा फोर्ड हे रॉक गायक उभे, समोर लोक हुर्यो करतायत. मला जेथ्रो टल आवडतात, इयन अँडरसनची बासरी तर फारच, पण तो निकाल चुकीचा होता. मत देणाऱ्यांनी ओळखीच्या जुन्या नावाला मत दिलं, अल्बम ऐकून दिलं नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पुढच्या वर्षी ग्रॅमीने हार्ड रॉक वेगळं आणि मेटल वेगळं केलं आणि मेटलचा पहिला पुरस्कार 'वन'ला गेला.

आवडला का म्हणाल तर हो, तेव्हाच. एकूण 65 मिनिटं, फक्त नऊ गाणी, त्यातली बरीच सात-आठ मिनिटांच्या पुढची, विनाइलवर मावेना म्हणून दोन रेकॉर्डी काढाव्या लागल्या, रेडिओवर असं काही लागायची शक्यताच नाही, आणि तरी अमेरिकेच्या अल्बम चार्टवर सहावा नंबर. आवाजाबद्दल तक्रार तेव्हाही झाली, कोरडा आहे, पातळ आहे. गाणी गुंतागुंतीची आहेत ही तक्रार तर खुद्द बँडलाच जाणवली. टायटल ट्रॅक जवळजवळ दहा मिनिटांचा, तो लाइव्ह वाजवताना पुढच्या रांगेतली माणसं कंटाळलेली दिसायला लागली तेव्हा त्यांनी ठरवलं की आता पुरे. त्यातूनच 1991 चा काळ्या कव्हरचा अल्बम आला, छोटी गाणी, भरभक्कम बेस. तो अख्ख्या जगाने घेतला, आपल्याकडेही रिक्षात 'नथिंग एल्स मॅटर्स' ऐकलेलं मला आठवतंय.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, दिवसभर 'वन' नावाचं गाणं लावतो. सुरुवातीला गोळीबाराचे आवाज, शेवटी नुसता धडाका. व्हिडिओत हॉस्पिटलमधला एक जखमी माणूस दिसला, मी घाबरले. तो तसा शांत आहे, अभ्यासही करतो. हे ऐकू द्यावं का? (एक आई, नाशिक)

ताई, तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत, कारण बरेच पालक विचारत नाहीत, थेट बंद करा म्हणतात.

या गाण्यामागे एक कादंबरी आहे, डाल्टन ट्रम्बो यांची, 1939 ची. पहिल्या महायुद्धात एका तरुण सैनिकाचे हात, पाय, डोळे, कान, तोंड सगळं जातं, पण मन जागं राहतं. तो हॉस्पिटलात पडून आहे, आणि शेवटी उशीवर डोकं आपटून आपटून मोर्स कोडमध्ये बाहेरच्यांशी बोलायचा प्रयत्न करतो. ट्रम्बोंनीच 1971 मध्ये त्यावर सिनेमा केला, तुम्ही व्हिडिओत पाहिलंत तो माणूस त्या सिनेमातला. हे मेटालिकाचं पहिलंच म्युझिक व्हिडिओ, 1989 चं, त्यासाठी त्यांनी सिनेमाचे हक्कच विकत घेतले. म्हणजे हे गाणं युद्धाचा उदोउदो करणारं नाही, युद्ध माणसाचं काय करतं ते सांगणारं आहे.

एकदा मुलाच्या शेजारी बसून पूर्ण ऐका, साडेसात मिनिटांच्या आसपास आहे. सुरुवातीची गिटार अगदी हळू, स्वच्छ, जवळजवळ अंगाईसारखी. मग अर्ध्याच्या पुढे कुठेतरी ड्रम पायांनी मशीनगनसारखे तुकड्यातुकड्याने वाजायला लागतात, आधी एकटे, मग गिटार त्याच तुकड्यांवर येऊन बसते. तुम्हाला धडाका वाटला तो हाच. त्या माणसाला ओरडता येत नाही ना, तोंडच नाही, म्हणून त्याच्या वतीने वाद्यं ओरडतात. मी पहिल्यांदा कथा माहीत करून घेऊन हे ऐकलं तेव्हा हेडफोन काढून गच्चीवर जाऊन बसलो होतो. 2011 ला 30 ऑक्टोबरला बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर मेटालिका आली तेव्हा या गाण्याला माझ्या बाजूचा एक पन्नाशीचा माणूस डोळे मिटून उभा होता, शेवटपर्यंत.

अजून एक, ट्रम्बोंना पुढे कम्युनिस्ट म्हणून हॉलिवूडने काळ्या यादीत टाकलं, तुरुंगातही जावं लागलं. याच अल्बममध्ये 'द शॉर्टेस्ट स्ट्रॉ' गाणं आहे, ते त्या काळ्या याद्यांवरच. मुलाला हे सांगून बघा, त्याला आवडेल, आणि तुमच्या दोघांत बोलायला विषय होईल. शेवटचं 'डायर्स इव्ह' हे आईवडिलांवर चिडलेल्या मुलाचं गाणं आहे, ते ऐकून मनाला लावून घेऊ नका. हेटफिल्डचं घर औषधोपचार न मानणाऱ्या पंथाचं होतं, तो सोळा वर्षांचा असताना आई कॅन्सरने गेली, तो राग तिथला आहे. तुम्ही तर विचारायला पत्र लिहिलंत.

आवाज फक्त कमी ठेवायला सांगा, कानासाठी. तेवढं नक्की.

प्रश्न : 2018 ला या अल्बमची नवी आवृत्ती आली, त्यात बेस वाढवलाय का? घेऊ का? (एक वाचक, बेळगाव)

बेससाठी घेत असाल तर नको. ते रिमास्टर आहे, रिमिक्स नाही, म्हणजे तयार झालेल्या मिक्सचा एकूण आवाज साफ केला, आतल्या वाद्यांचं प्रमाण आहे तेच. हेटफिल्डचं म्हणणं की तो अल्बम त्या काळाचा आहे, तो तसाच राहू दे. चाहत्यांनी बेस वर आणलेल्या आवृत्त्या इंटरनेटवर ठेवल्यात, कुतूहल म्हणून ऐका.

त्यापेक्षा 1989 चा सिॲटलचा कॉन्सर्ट बघा, 1993 च्या त्यांच्या लाइव्ह बॉक्स सेटमध्ये आहे. सुरुवातच 'ब्लॅकन्ड'ने. जेसन केस झटकत, पाय फाकवून, जीव तोडून वाजवतोय, मागून कोरसला ओरडतोय, आणि बेस ऐकू येतो. पुढे त्याचा एकट्याचा सोलोही आहे, तो पुढे ढकलू नका.