केमो चालू असताना पेशंटला चालायला लावावं का?

तुम्ही विचारलंय की आईची स्तनाच्या कॅन्सरची केमो चालू आहे, ती फार थकते, तर व्यायाम करू द्यावा की घरचे म्हणतात तसं झोपून राहू द्यावं. चालू द्या. खरं तर उत्तर एवढंच, पण 'घरचे म्हणतात' वाचलं आणि राहवलं नाही.

आम्ही चोपडा तालुक्यातले. माझ्या बायकोची केमो सुरू झाली तेव्हा जो येईल तो एकच सांगायचा, पडून राहा, ताकद राखून ठेव. सांगणाऱ्यांना चहा तीच करून द्यायची, त्याचं कोणाला काही वाटलं नाही. पण पहाटे मी तिला डोक्याला रुमाल बांधून केळीच्या मळ्यांकडे फिरायला नेलं, तर माझ्या मोठ्या आत्यांनी भरल्या घरात सुनावलं, "आजारी बाईले गावभर फिरवतो, लाज नाही वाटत?" आजही लग्नकार्यात भेट झाली की हा विषय निघतोच.

केमोचा थकवा शेतातून दमून आल्यासारखा नसतो, झोपेने तो जात नाही. उलट पडून राहिलं की मांड्यांचे स्नायू झडतात, मग मोरीपर्यंत जाऊन आलं तरी धाप लागते, आणि माणूस आणखी पडून राहतं. हे मी मनाने सांगत नाही. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या 'आस्को' या संघटनेने २०२२ साली डॉक्टरांना लिहून दिलंय की बरं करण्यासाठीचे उपचार चालू असतानाच चालण्यासारखा आणि ताकदीचा, दोन्ही व्यायाम सुचवा. आठवड्यातून तीनदा अर्धा तास चालणं, दोनदा ताकदीचा व्यायाम, एवढ्याने थकवा आणि उदासी कमी होते.

डोस झाल्यावरचे पहिले दिवस वाईटच जायचे. तेव्हा खाटेपासून ओट्यापर्यंत, बस. जरा बरं वाटलं की मळ्याचा रस्ता. उन्हाळ्यात आपल्याकडे आठ वाजताच चटके बसतात, म्हणून उजाडायच्या आत निघायचो. नंतर नंतर तीच मला उठवायची.

हाताचंही तेच. "ऑपरेशनच्या बाजूने तांब्याही उचलू नको" हे आत्यांचंच. २००९ साली अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारांनंतर हाताला सूज आलेल्या बायकांना देखरेखीखाली, हातावर घट्ट बसणारी दाबाची बाही घालून, हळूहळू वजनं उचलायला दिली. वजनांमुळे सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचं प्रमाण कमी झालं. आम्ही फिजिओथेरपिस्टला विचारून पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्यांपासून सुरुवात केली.

आता सांभाळायचं ते. ताप १००.४ च्या वर गेला तर व्यायाम नाही, सरळ दवाखाना. प्लेटलेट किंवा हिमोग्लोबिन फार उतरलं असेल, आजार हाडांत गेला असेल, छातीत दुखत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नाही. तळपाय बधिर झाले असतील तर बांधावरून चालवू नका, तोल जातो. सपाट जागा, पायात बूट.

आणि पुढच्या डोसला घरातलं सगळ्यात जास्त बोलणारं माणूस सोबत न्या. हाच प्रश्न डॉक्टरांना त्याच्यासमोर विचारा. आत्यांना मी चला म्हटलं होतं. त्या आल्या नाहीत.